माय चिंध्या मागाले गेली

आमची गल्ली जिनाच्या मागच्या भिंतीले चिकटून होती. तेलुगू मुलखातल्या आमच्या भैंसा गावाले तवा कापसाचे जिन लय, पन आमच्या लोकाईले जिन म्हनलं की एकच, हे भिंतीपलीकडचं. दिवाळी झाली की भोंगा सुरू व्हायचा, अन् उन्हाळा लागेपर्यंत घरातलं पानी, भाकर, अंथरून, समद्यावर रुईचे बारीक तंतू येऊन बसायचे. माय ताटावर फुंकर मारूनच वाढे. गल्लीतले मानसं गठानी उचलाले जायचे अन् बाया रेच्यावर, म्हनजे कापसातली सरकी वेगळी काढनाऱ्या मशीनवर. सकाळी भोंगा झाला की गल्लीत फक्त बुढ्या अन् लेकरं उरायचे.

माझी माय बी आधी रेच्यावरच होती. मंग जिनाच्या दिवानजीनं तिले फाटकावर बसवलं. म्हने ही बाई बोलत नाई, हासत नाई, हिचं कोनासंग गुळपीठ नाई, हीच पाह्यजे. तिचं काम झडती घ्यायचं. सुट्टी झाली की बाया रांगीत उभ्या राहायच्या, एकेक पुढं यायची, आंबाडा सोडायची, केस झटकायची, पदर झटकायची, कारन बाया आंबाड्यात रुई दाबून घरी न्यायच्या. लय नाई, मूठभर. दिव्याच्या वाती कराले, नाईतर लेकराची उशी भराले. माय केसात बोटं घालून पाहे. बाया मान खाली घालून उभ्या राहत, अन् माय बी त्याईच्या तोंडाकडं पाहत नसे, केसाकडंच पाहे.

लहान होती तवा मले ते बरं वाटे, खोटं काऊन सांगू. शाळा सुटली की मी फाटकावर जाऊन बसायची. संध्याकाळचं ऊन, समद्या बायाईचे केस मोकळे, अन् माझ्या मायले बसाले लोखंडाची खुर्ची. आमच्या गल्लीत खुर्चीवर बसनारी बाई एकच होती. मंग एक दिवस शाळेत आमी पोट्ट्या एकमेकीच्या वेन्या घालून राह्यलो होतो, तं एक पोट्टी म्हनली, "इले केसाले हात लावू देऊ नको वो, झडती घेते ही." समद्या हासल्या. मी बी हासली. घरी येऊन तोंड धुतलं, लय धुतलं, अन् फाटकावर जायाचं सोडलं. मायले सांगितलं की पोट दुखते.

आमच्या शेजारी काकी राहे. सख्खी नाई, पन तिची अन् आमची भिंत एकच. मी अंगावर पेत होती तवा माय रेच्यावर जाये अन् ही काकीच मले पाजे, आपल्या लेकरासंग. एका सालात काकी पोटुशी होती अन् तिच्या आंबाड्यात मायले रुई सापडली. मी तिथं नव्हती. मले घरूनच समजलं, कारन काकी घरी आली ते केस मोकळेच, अन् ओट्यावर बसली, अन् अंधार पडला तरी केस बांधलेच नाई. माय आली, चूल पेटवली.

बाप म्हनला, "सोडून द्यायचं होतं ना."

"मांगं दरवान उभा होता."

"तिनं आपल्या पोट्टीले पाजलं वो."

"मले ठाऊक नाई का?" माय म्हनली, अन् भाकर परतवली. पुन्हा आमच्या घरात ह्या गोष्टीवर एक शब्द निघाला नाई. काकीले त्या सालात जिनात घेतलं नाई.

मंग समदं बदलत गेलं, कसं गेलं ते समजलं बी नाई. गावाबाहेर रोडले नवे जिन झाले, तिथं मोठा पाइप आपोआप कापूस ओढून घेते, बाया लागतच नाई म्हना. आमच्या जिनाचा भोंगा बंद झाला. फाटकाले कुलूप लागलं, आत बाभळी वाढल्या, बकऱ्या भिंतीच्या भगदाडातून जायाच्या. आता तिथं प्लॉट पडून राह्यले. गल्लीतले काई पोट्टे मास्तर झाले, काई कचेरीत लागले, स्लॅबचे घरं झाले. बाया बिड्या वळाले बसल्या, काई वावरात गेल्या. माझ्या मायची खुर्ची गेली, पन ते फाटकावरचं गेलं नाई. नळावर माय गेली की बाया बोलनं बंद करत. भांडत नसत. भांडल्या असत्या तं बरं झालं असतं.

मी शाळेत फार टिकली नाई. आमची शाळा मराठी, पन तेलुगूचा पेपर सुटत नसे, त्यातच अटकली अन् घरी बसली. लगीन झालं, सासर इंद्रवेल्लीकडं. तवापर्यंत बाप गेला होता. पहिलं बाळंतपन मायेरी म्हनून मी आली, अन् सरकारी दवाखान्यात मले पोट्टी झाली. लहानशी, मुठीएवढं तोंड, अन् छातीत घरघर. नर्स म्हनली काई होत नाई, थेंब देत राहा. पन मले रात दिवस एकच भेव, हिचा श्वास चालू हाय का नाई. मी नाकापाशी बोट धरून बसायची. तिचा श्वास थोडा लांबला की माझाच बंद होये.

आमच्या गल्लीत जन्मलेल्या लेकराले नवं कापड घालत नाई. घरोघरच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या येतेत, धुऊन धुऊन नरम झालेल्या, त्यातच लेकरू गुंडाळतेत. पहिली चिंधी अशा बाईची, जिचे समदे लेकरं जगले. आमच्या बुढ्या सांगत की इतक्या घरचं कापड अंगाले लागलं की लेकरू राहते. मी लहानपनापासून पाह्यलेलं, बाळंतिनीच्या खोलीत चिंध्याचा ढीग. अन् जिचे समदे लेकरं जगले अशी बाई आमच्या गल्लीत काकीच.

मी बाजीवर पडून वाट पाहे. बाजीखाली शेगडी, खोलीत ओव्याचा धूर. बाहेर चप्पल वाजली की वाटे आली. माय आपलंच लुगडं फाडून देत राह्यली.

"माय, काकी नाई आली?"

"येईन ना. तिले घरचं काम नाई का?"

"बाकीच्या?"

"येतीन, येतीन. तू नीज."

पाचवीले माझी सासू येनार होती. ते आल्याबरोबर पाहनार, लेकराच्या अंगावर कोनाकोनाचं कापड हाय. मले त्याची बी लाज, पन ते मागून. आधी भेव. मंग एक दिवस माय बजारातून आली अन् पिशवीतून नवं झबलं काढलं, पिवळं, त्यावर बदकं. मी घाबरली.

"नवं घालतेत का कोनी?"

"आता समदे घालतेत. दवाखान्यात पाह्यलं नाई का तू?" असं म्हनली अन् माझ्याकडं पाठ करून त्याची घडी घालत बसली. घडी झाली, पुन्हा उकलली, पुन्हा घातली. तवा मले समजलं, कोनी येनार नाई, अन् हे मायले पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय.

माय पान्याले गेली तशी मी उठली. टाके ओढत होते. कानाले फडकं बांधलं, पोट्टीले पदराखाली घेतलं अन् उंबरा ओलांडला. दोन पावलावर तं काकीचं दार, पन मले धाप लागली. काकी तांदूळ निवडून राह्यली होती, मले पाहून सूप खाली ठेवलं.

"अवो बाई! कच्ची बाळंतीन तू, बाहेर कशी आली? वारा लागला म्हनजे?"

"काकी, माझ्या लेकराले एक चिंधी दे."

काकीनं पदर बाजूले करून पोट्टीचं तोंड पाह्यलं. "घरघर करते काय वो हे?"

"हो."

"मायनं धाडलं तुले?"

"नाई. ते पान्याले गेली."

"मंग जा घरी."

मले रडू फुटलं. काकी म्हनली, "रडू नको, दूध आटन. आईक. लेकराची माय मागत नसते. आजी मागते, पदर पसरून, दारोदार. तू कालची पोट्टी, तुले काय ठाऊक. तुह्या मायले ठाऊक हाय." मंग हनुवटीनं आत दाखवलं. दोरीवर एक हिरवं लुगडं वाळत होतं, इरलेलं, आरपार उजेड दिसे. "तू दवाखान्यातून आली तवाच धुवून ठेवलं मी. पन तुह्या हातात देनार नाई. काई म्हन."

म्हनजे समद्या वाट पाहत होत्या. गल्लीतल्या बायाईले वाटलं, खुर्ची गेली तरी हिचा ताठा गेला नाई, मागाले बी येत नाई. अन् माझी माय घरात बसून आपलं लुगडं फाडत होती.

घरी आली तं माय घागर टेकवून रिकाम्या बाजीकडं पाहत उभी. मी समदं सांगितलं.

"मी कोन्या तोंडानं जाऊ?" माय म्हनली.

"मंग मरू देऊ का हिले?"

असं मायले कोनी बोलत नाई. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला अन् बाहेर गेली. मी दाराच्या फटीतून पाहत राह्यली, पोट्टी छातीशी धरून.

माय काकीच्या दारात उभी राह्यली, पदर दोन्ही हातानं पसरून. काकी समोरच बसलेली, तरी म्हनली, "कोन हाय?"

"मी वो."

"मी कोन?"

"लेकराची आजी."

"काय पाह्यजे?"

"चिंधी."

"मोठ्यानं बोल माय. रेच्यावर राहून राहून कान गेले माझे."

आता बाया ओट्यावर येऊन उभ्या राह्यल्या होत्या. कोनीतरी खुसूखुसू हासलं. माय मोठ्यानं म्हनली, इतक्या मोठ्यानं की पोट्टी दचकली, "माझ्या नातीले चिंधी दे!"

काकी उठली. लुगडं काढलं, दातानं काठ तोडला अन् फाडलं. तो आवाज मले घरात आला. मायच्या पदरात टाकून म्हनली, "ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेक तिची. नुसत्या धुरानं घरघर जात नाई." एवढंच. माफ केलं असं काई नाई बोलली, अन् मायनं बी काई मागितलं नाई.

मंग माय गल्लीभर गेली. समोरची तेलुगू बाई, जी नळावर मायकडं पाहत बी नसे, तिनं हात हालवून "रा अम्मा, रा," म्हनून बोलावलं अन् पांढऱ्या धोतराचा तुकडा दिला. कोनी हातात दिला, कोनी दुरून टाकला. एक बाई पदरात टाकता टाकता म्हनली, "तपासून घे वो. रुई नसन यात." ओट्यावरच्या हासल्या. मायनं खाली पाह्यलं अन् पुढच्या दारी गेली. मी फटीपासून हटली. मले पाहवलं नाई. फाटकावर बाया कशा उभ्या राहत ते मले आठवत होतं, अन् आता माय तशीच उभी होती, अन् तिले मीच धाडलं होतं.

शेवटचं घर वळनाजवळचं. तिथल्या बाईचे केस मायनं एकदा तिच्या सासऱ्यासमोर सोडाले लावले होते, असं मंग मले काकीनं सांगितलं. म्हने आत टीव्ही चालू होता. माय लय येळ उभी राह्यली. दार उघडलं नाई.

घरी येऊन मायनं ढीग खाली ठेवला, पानी तापवलं, एकेक चिंधी धुतली. माझ्याकडं पाह्यलं नाई, मी बी तिच्याकडं पाह्यलं नाई. काकीची हिरवी चिंधी मी पहिल्यानं पोट्टीले बांधली, तं पोट्टीनं तवाच ओली केली. सासू आली, ढीग पाहून खूश झाली, म्हने तुमच्या गल्लीत इहीनबाईले लय मान दिसते. माय चाय कराले उठून गेली.

पोट्टीची घरघर हळूहळू गेली. शेकानं गेली, थेंबानं गेली, का चिंध्यानं गेली, मले सांगता येत नाई. आता ते धावते. मायेरी आली की माझ्या हातात राहत नाई, ह्या घरी खाते, त्या घरी निजते, काकीच्या मांडीवर बसून तिचे पांढरे केस विंचरते. मी पाहते अन् उठून कामाले लागते.

मागच्या खेपेले बसमधून उतरून आमी गल्लीत वळलो, घ्याले आलेली माय पिशवी घेऊन मांगं. पोट्टी पुढं पळाली अन् नेमकी वळनाच्या घराच्या पायरीवर जाऊन बसली. दार उघडंच होतं. ते बाई आतून आली. मी जागीच उभी राह्यली.

"कोनाची वो तू?" बाईनं इचारलं.

पोट्टीनं बापाचं नाव सांगितलं, गाव बी सांगितलं. बाईले काई समजलं नाई. तिनं आतून गुळाचा खडा आनून पोट्टीच्या हातावर ठेवला.

आजीचं नाव सांगितलं नाई, म्हनून मले बरं वाटलं. बरं वाटलं तसं मी मांगं पाह्यलं, अन् मायनं माझ्या तोंडावर ते पाह्यलं होतं.

"चाल," माय म्हनली, "उनात काऊन उभी हाय?"