एवढी सरळ रेघ

परभणीची किमया काळदाते हिंजवडीतल्या ऑफिसात बसून भर समुद्रातली तेलविहीर राखायची. साल २००७. जहाजावरून विहीर खोदताना आत सोडलेला पातळ चिखल टाकीत परत येतो. टाकीतली पातळी आपोआप चढू लागली, तर खालून गॅस येतोय असं समजायचं. ती पातळी किमयाच्या पडद्यावर रेघ होऊन सरकायची.

त्या दुपारी रेघ अगदी सरळ होती. "बघ, किती शांत विहीर!" तिचे साहेब मनीष सबनीस म्हणाले.

किमया भडकली. "डोंबलाची शांत! जहाज लाटांवर डुलतंय, मग टाकीतला चिखल हलत कसा नाही, सर? हे जुनेच आकडे आहेत. लाइन गेलीय!"

तिने जहाजावर फोन लावला. तिथले डिसोझा हसले. "मॅडम, काळजी कशाला? पुणं बघतंय ना!"

"पुण्याला काहीही दिसत नाहीये! उठा आणि टाकी बघा, आत्ता!"

पलीकडे पावलं धावली. मग आरडाओरडा, भोंगा, "विहिरीचं तोंड बंद करा!" किमया फोन कानाला गच्च धरून बसली.

अखेर डिसोझा धापा टाकत म्हणाले, "बंद झाली. टाकी चढतच होती. तुम्ही बघताय म्हणून इथे कुणी बघतच नव्हतं."

लाइन त्याच दिवशी दुरुस्त झाली. पण तेव्हापासून किमया कामावर आली की आधी जहाजावर फोन करून दरडावायची, "आज आम्हाला काही दिसत नाहीये, तुम्हीच बघा!" आणि मग दिवसभर पडद्यावरून नजर हटवायची नाही.