दार लावून घेतलेली विश्रांती

वर्लीन टॉलिव्हर बसलेली दिसली, तर समजावं की चर्चमध्ये प्रवचन चालू आहे. एरवी तिच्या पायाला भिंगरी. आमच्या शायलो वस्तीत मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना गाडीत घालून नेणार कोण, तर वर्लीन. शाळेच्या बससाठी कचेरीत भांडणार वर्लीन. कुणाचं पोर तुरुंगात गेलं, की वकिलाचे उंबरे झिजवणारही वर्लीनच. तिचा नवरा हयात असताना म्हणायचा, "माझी बायको घरचं खाते आणि साऱ्या अलाबामाच्या भाकऱ्या भाजते."

तिचं सगळ्यात मोठं भांडण रेल्वेशी. वस्तीतून बाहेर पडायला एकच रस्ता, आणि त्याला आडवे रूळ. मालगाडी वाटेल तेव्हा फाटकात येऊन थांबते आणि तासन्‌तास हलत नाही. पोरं डब्यांखालून सरपटत शाळेला जातात. ओडम म्हाताऱ्याला झटका आला तेव्हा अँब्युलन्स पलीकडे भोंगा वाजवत उभी होती, आणि अलीकडे आम्ही त्याचे गार पडलेले हात चोळत होतो. त्या दिवसापासून वर्लीनने पुलाची मागणी धरली ती सोडली नाही, आणि आम्हालाही सोडलं नाही. सभेला दांडी मारली, की रविवारी चर्चच्या पायरीवर गाठायची.

"काय गं आर्नेटा, पाय दुखत होते म्हणे. ओडमचे आता दुखत नाहीत."

आर्नेटा म्हणजे मी. हे ती चारचौघांत बोलली होती, आणि मी मान खाली घालून गाडीत जाऊन बसले होते.

म्हणून या वसंतात, पुलाची सुनावणी तोंडावर आलेली असताना, ती प्रार्थनेत उभी राहून बोलू लागली तेव्हा आम्हाला नवल वाटलं. तिची धाकटी बहीण डोरिस्टीन पलीकडच्या राज्यात, मेरिडियनला राहते. ती अंथरुणाला खिळली आहे, तिची सेवा करायला जावं लागेल, सुनावणी तुम्ही सांभाळा, असं वर्लीन म्हणाली. तिचा आवाज कापत होता. आम्ही समजलो, बहिणीची काळजी.

आता आमच्या चर्चची रीत अशी, की आजाऱ्याचं नाव प्रार्थनेत घेतलं म्हणजे त्याच्या दारात जेवण पोचलंच पाहिजे. दार मेरिडियनला असलं म्हणून रीत बदलत नाही. वर्लीन हे विसरली कशी, देव जाणे. थकलेल्या माणसाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

मी कोंबडी तळली. मदर गेन्स यांनी लोण्याचा केक केला आणि पातेलंभर कोलार्डची पालेभाजी शिजवली. चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला आम्ही मदर म्हणतो, आणि मदर गेन्स कुणालाच नकार ऐकू देत नाहीत. दोघी माझ्या गाडीतून निघालो. डोरिस्टीनला नेमकं झालंय काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून मदर वाटभर तिच्या एकेका अवयवासाठी प्रार्थना करत होत्या. मेरिडियन येईपर्यंत त्या मूत्रपिंडापर्यंत पोचल्या होत्या.

दार डोरिस्टीननेच उघडलं. अंगात नारिंगी झगा, केस कुरळे करायच्या गुंडाळ्या डोक्यावर, आत गाणी लागलेली. चर्चच्या दोन बायका झाकलेली भांडी घेऊन दारात उभ्या बघून ती घाबरली.

"कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," मदर म्हणाल्या. "तुझी तब्येत कशी आहे, बाळ?"

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीये? मैत्रिणीच्या वाढदिवसाला निघालेय मी."

मी तिच्या खांद्यावरून आत डोकावत विचारलं, "वर्लीन कुठाय?"

"वर्लीन? नाताळापासून तोंड दाखवलं नाही तिने."

सगळं ऐकून घेतल्यावर डोरिस्टीनने आमच्यासमोर फोन लावला. "अगं, मी आजारी आहे का? असले तर आधी मला तरी सांगायचं." पलीकडून रडण्याचा आवाज आला आणि एवढंच ऐकू आलं, "मी घरीच आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर ती पडदे लावून पडली होती, गाडी कुठल्याशा गॅरेजात नेऊन ठेवली होती. मी संतापले. आम्हाला पायरीवर उभं करून सोलणारी बाई स्वतः खोटं बोलून झोपते? परतीच्या वाटेवर काय काय सुनवायचं ते मी मनाशी जुळवून ठेवलं. डोरिस्टीन वाढदिवस सोडून मागच्या सीटवर बसली होती, केकचं भांडं मांडीवर घेऊन.

वर्लीनने दार उघडलं तेव्हा ती झोपायच्या गाऊनमध्ये होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. आम्ही बसलो तरी ती बसेना. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून, चुकार पोरीसारखी उभी राहिली.

"दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, रक्तदाब असाच राहिला तर पुढची अँब्युलन्स तुझ्यासाठी फाटकापलीकडे उभी असेल. झोपून राहा म्हणाली."

"मग सांगायचं की तसं," मी म्हणाले.

"कुणाला? तुला?"

मी कोंबडीचं भांडं मांडीवरून टेबलावर ठेवलं.

"तुझे पाय दुखत होते तेव्हा मी काय बोलले, तू विसरली असशील, मी नाही. कुठल्या तोंडाने सांगणार होते, की आता माझे दुखतात?" ती खुर्चीच्या पाठीशीच बोलत होती. "मला लाज वाटते गं, आर्नेटा. झोपून असते तेव्हाही वाटते. मालगाडीचा आवाज आला, की उशीत डोकं खुपसते."

"बस आधी," डोरिस्टीन म्हणाली. वर्लीन बसली नाही. तेव्हा डोरिस्टीन आमच्याकडे वळली. "आमच्या आईच्या अंत्यविधीला उभं राहून तुमच्यातल्या कुणीतरी म्हटलं होतं, या बाईला आम्ही कधी बसलेली पाहिली नाही. सगळं चर्च 'आमेन' म्हणालं. मी पाहिली होती तिला बसलेली. न्हाणीघरात, टबाच्या काठावर, दाराला कडी घालून. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची."

मदर गेन्स यांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "ते मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "चांगलं बोलतेय असं वाटलं मला."

त्या खोलीत चौघी होतो, आणि वर पाहायची सोय कुणालाच नव्हती. मनाशी जुळवलेलं एकही वाक्य मी बोलले नाही. शेवटी डोरिस्टीननेच उठून पडदे सरकवले आणि सांगितलं, की ती आता इथेच राहणार, आणि वर्लीन विश्रांती घेईल ती ओसरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

सुनावणीला आम्ही वर्लीनशिवाय गेलो. बोलायला मी उभी राहिले आणि ओडमच्या नावाशी येऊन अडखळले, बोलणं पुढे सरकेचना. साहेब लोकांनी सभ्यपणे ऐकलं, पुढची तारीख दिली. एकाने जाताना विचारलंसुद्धा, "आज मिस टॉलिव्हर नाहीत?" त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं. सगळ्यांचं डोकं फिरलं. बाहेर पडल्यावर जो तो मला सांगू लागला, आर्नेटा, तू जा तिच्याकडे. एवढी एक वेळ म्हणावं. उभं राहायलाही नको, खुर्चीत बसून बोलू दे. मलाही ते पटलं. ती नाही म्हणणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी गेले.

ती ओसरीवर बसली होती. मांडीवर मोठा वाडगा, आणि त्यात वाटाण्याच्या शेंगा सोलण्याचं काम चाललेलं. मी पायरीवर टेकले. आम्ही हवेबद्दल बोललो, डोरिस्टीनच्या घोरण्याबद्दल बोललो. बोलताना तिचे हात थांबायचे. रस्त्यावर गाडीचा आवाज आला, की ती घाईने शेंग उचलायची आणि सोलू लागायची. गाडी पुढे गेली की हात पुन्हा वाडग्यात पडून राहायचे.

"का आली होतीस?" तिने विचारलं. "तारीख मिळाली ना? मी येऊ का?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तेवढ्यात आणखी एक गाडी आली, तिने शेंग उचलली, आणि मी पहिल्यांदाच वाडग्यात नीट पाहिलं. त्यात एकही दाणा नव्हता. नुसती टरफलं होती, हाताळून हाताळून काळी पडलेली.

"सहज आले," मी म्हणाले. "बसायला."

मी तो वाडगा तिच्या मांडीवरून उचलला आणि माझ्या मागे ठेवला. पुढची गाडी आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन प्रॅटरची होती, त्याने वेग कमी करून आमच्याकडे पाहिलं. वर्लीनचे हात मांडीवर काहीतरी शोधू लागले. मी त्यातला एक धरला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत सोडला नाही.