कुंकवाचा अंगठा

माझा थोरला भाऊ लोह्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायचा. दोन वर्षांपूर्वी, खंडेनवमीच्या दुपारी, दुकानातल्या खुर्चीतच गेला. घराच्या पुढच्या खोलीतलं ते दुकान आता वहिनी बघते. पीकविम्याची मुदत संपत आली आणि तिचा फोन आला, "भावजी, कॉम्प्युटर लई अडकून राहिलाय. लोकं दुसरीकडं चाललेत. असंच ऱ्हायलं तर दुकान बंद करावं लागंल."

मी लातूरला एका क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, म्हणून घरात तज्ज्ञ समजला जातो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस मी. फोनवरच तिला एकेक बटण सांगितलं. पडद्यावर आलं ते तिनं वाचलं: रॅम चार जीबी, दोनपैकी एकच जागा भरलेली. रॅमची दुसरी पट्टी घ्यायला मी लातूरच्याच एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "डीडीआर थ्री हाय का फोर, ते उघडून बघून या. खाच येगळ्या जागी असते. चुकीची दाबून बसवली तर बोर्डच जाईल."

रविवारी लोह्याला पोचलो. मी पेचकस काढला तशी वहिनी दारातच थबकली.

"उघडायलाच पाह्यजे का? त्यांच्यामागं कुणी उघडला न्हाई. खंडेनवमीला मी वरूनच हळदीकुंकू लावते."

"तो काय आतून लावायचा?"

"हाव. झाकण काढून. त्या दिवशीबी तेच करून राहिले होते. 'चहा ठेव' म्हणले. मी कप घेऊन आले तर..." ती दारातूनच मागं वळली. "नंतर आवराआवरीत कुणीतरी झाकण लावलं. मी तुमच्यासाठी चहा ठेवते."

मी झाकण काढलं. धूळ बोटभर. तिच्यात वाळून काळी पडलेली झेंडूची पाकळी. आणि रॅमच्या पट्ट्या दोन.

मला आधी वाटलं, वहिनीनं चुकीचं वाचलं. पण तिनं पाठवलेला पडद्याचा फोटो माझ्याकडं होता. पडदा एकच म्हणत होता. मग दिसलं, दुसरी पट्टी नवीकोरी होती, खाचेत नीट उभी, पण एका टोकाची क्लिप उघडी. अर्धवट बसलेली. कॉम्प्युटर तिला मोजतच नव्हता. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर छापलं होतं: डीडीआर थ्री. शेजारच्या जुन्या पट्टीवरही तेच. भावानं आधीच नीट बघून आणली होती.

उघड्या टोकावर कुंकवाचा ठसा होता. अंगठ्याचा, रेघा मोजता याव्यात असा.

म्हणजे गेला तेव्हा तो ही पट्टी दाबतच होता. वाटलं, खुर्ची अजून त्याचीच आहे आणि मी मध्येच येऊन बसलोय. पट्टी काढून पुसून लावायला पाहिजे होती, कुणीही शहाणा तेच सांगेल. माझ्यानं ते झालं नाही. दुसरीकडं अंगठा ठेवायला जागाच नव्हती. मी माझा अंगठा त्या ठशावर ठेवला. बरोब्बर मावला. दाबला.

टक.

आतून वहिनीचा आवाज आला, अगदी सहज, "आले हो, झालाच चहा."

मला ती कधी 'हो' म्हणत नाही, भावजी म्हणते. ती कप घेऊन दारात आली, खुर्चीकडं बघितलं, आणि मी आहे हे तिला कळायला थोडा वेळ लागला.

कॉम्प्युटर सुरू केला. दोनपैकी दोन जागा भरलेल्या. वहिनीनं कप माझ्या हातात दिला नाही. टेबलावर उजव्या बाजूला, भाऊ ठेवायचा तिथं ठेवला, आणि रडायला लागली.