भिंतीवरचं वाळवंट

जेल रोडला धनराजचा फोटो स्टुडिओ होता. एरवी पासपोर्टचे फोटो, लग्नसराईत व्हिडिओ. रविवारी दुपारी शटर ओढून तो स्वतःचं काम करी: कृष्णधवल फिल्म, एकच दिवा आणि बायको. सविताची पाठ, खांदा, कधी नुसतं कोपर. चेहरा नाही. फोटो धुऊन आला की तिलाही ते आपलं अंग वाटत नसे. त्या बोलीवरच ती तयार झाली होती.

१९९६मध्ये तिच्या पाठीच्या एका फोटोला पुण्यात बक्षीस मिळालं. धनराजच्या वडिलांनी, रावजींनी, विचारलं, "कशाचा रे हा?"

"वाळवंटाचा. जैसलमेर."

एका लग्नाच्या शूटिंगला तो राजस्थानात जाऊन आला होता. खोटं खपलं. रावजींनी मोठी फ्रेम करून फोटो बैठकीत लावला.

त्याच्याखाली सविता पाहुण्यांना चहा देई.

"उंट दिसत नाहीत कुठं," नणंदेचे सासरे, सिन्नरचे व्याही, म्हणाले.

"उंट पुढं गेले," रावजी म्हणाले. मग काचेवर बोट फिरवत त्यांनी उतार दाखवला, उताराखालचा काळा ठिपका दाखवला. "ही विहीर."

सविताने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

दुसरं बाळंतपण सासरीच झालं. सासूबाई, आक्काबाई, पाठीला तेल लावायला बसल्या. डाव्या खांद्याखाली त्यांचा हात थांबला.

"हे काय गं?"

"लहानपणी बिब्बा उतला होता, त्याचा काळा डाग."

त्यांनी राहिलेलं तेल जिरवलं, हात पुसले, बैठकीत जाऊन फोटो बघून आल्या.

"आणखी कुणाला ठाऊक?"

"कुणालाच नाही. आई, उतरवा ना तो तिथून."

"उतरवला तर हे विचारतील, का उतरवला. काय सांगू? तूच सांग."

संध्याकाळी बाळ बघायला शेजारणी आल्या. त्यातल्या एकीनं विहिरीबद्दल विचारलं. "पाणी खारं आहे म्हणे," आक्काबाई म्हणाल्या आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं.

२००४च्या दिवाळीआधी घराला रंग लागला. फोटो खाली आला आणि पलंगाखाली गेला. रंग वाळेपर्यंत सविताने त्याचं नाव काढलं नाही. आक्काबाईंनीही नाही. भिंत वाळली तसे रावजी हातोडी घेऊन स्टुलावर चढले. स्टूल डुगडुगत होतं. सविताने ते धरलं.

"सरळ आहे का गं?"

"डावीकडून थोडा वर घ्या," ती म्हणाली.