पुढच्या मुठीचा खटका

गल्लीतली माणसं त्याला तोंडावर मिस्त्री म्हणायची आणि पाठ वळली की दुर्बीण. घराच्या मागच्या खोलीत तो कुंपण छाटायची विजेची मशीनं दुरुस्त करायचा. पात्यांना धरलेला चीक रॉकेलनं पुसायचा, दात्यांवर कानस फिरवायचा, गिअरच्या डबीत ग्रीस भरायचा. हात कामाला पक्का, पण मनात सदा पाल चुकचुकणारी. दुधात पाणी आहे असं सगळेच म्हणतात. हा म्हणायचा, त्या पाण्यातसुद्धा काहीतरी आहे.

काम झालं की मशीनच्या प्रत्येक स्क्रूवर तो बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका फुटणार आणि लबाडी उघडी पडणार. हे खूळ उगाच नव्हतं. मागं एका गिऱ्हाइकानं घरी मशीन उघडून नसते उद्योग केले, मांडीवर पातं ओढून घेतलं आणि भाऊबंद गोळा करून मिस्त्रीच्या दारात आला. "यानंच वाटोळं केलं मशीनचं!" सगळी गल्ली तमाशाला जमली. तेव्हा बायकोनं बजावलं होतं, "पुन्हा कुणी रक्ताचं फडकं घेऊन दारात आलं, तर हा धंदा माझ्या घरात नको." आणि घराबाहेर गाळा घ्यायची मिस्त्रीची ऐपत नव्हती.

एका सकाळी बंगल्यावरचा माळी पूर्वी इथंच दुरुस्त झालेलं मशीन उजव्या खांद्याला अडकवून आला. "मिस्त्री, पातं अडकतंय जरा," एवढं म्हणून त्यानं ते बाकावर ठेवलं आणि चहालासुद्धा न थांबता गेला. फुकटचा चहा सोडणारा माणूस! मिस्त्रीच्या कपाळावर तिथंच आठी पडली.

त्यानं भिंग काढलं. ठिपके शाबूत होते. पण लाल जरा जास्तच लाल होतं.

"अगं, इकडं ये. हा रंग तुझा का?"

बायको ओल्या हातांनीच आली. "माझा विटकरीवर जातो. हा भडक आहे." मग तिनं नवऱ्याकडं रोखून बघितलं. "कुणाची बाटली आणलीत हो?"

"मी नाही, माळ्यानं आणलीय!"

"माळी नखं रंगवतो?"

तिला वाटेला लावून त्यानं मशीन उघडलं. या मशीनला दोन खटके असतात. एक मागं उजव्या हाताला, दुसरा पुढच्या मुठीखाली डाव्या हाताला. दोन्ही दाबल्याशिवाय पातं हलत नाही, म्हणजे चालत्या पात्याजवळ मोकळा हात जायला नको. इथं पुढच्या खटक्याच्या वायरी सोलून एकमेकींना पीळ घालून ठेवल्या होत्या. वर सगळं बंद करून पुन्हा ठिपके दिले होते. मशीन आता एका हातावर चालत होतं.

मिस्त्रीचं डोकं भराभर पळायला लागलं. माळ्याला बोट कापून घ्यायचंय. मग बंगल्याच्या मालकिणीकडनं भरपाई उकळायची आणि ठिपके दाखवायचे, बघा, मिस्त्रीशिवाय कुणी हात लावला नाही. वा रे पठ्ठ्या! त्यानं वायरी सोडवल्या, खटका होता तसा जोडला, अडकणारं पातं मोकळं केलं आणि वाट बघत बसला.

माळी संध्याकाळी आला. मिस्त्रीनं त्याला परसातल्या कुंपणापाशी नेलं.

"चालवून दाखवा, माळीबुवा."

"तुम्ही केलंय म्हटल्यावर काय बघायचं? द्या इकडं."

"नाही. माझ्यासमोर चालवायचं."

"घाई आहे हो मिस्त्री."

"चहाला घाई, चालवायला घाई. धर म्हणतो ना!"

माळ्यानं उजव्या हातानं मागची मूठ धरली, डावा हात कोपरापर्यंत पुढच्या मुठीच्या कमानीत घातला आणि मशीन तोलून धरलं. बागेतला जाड हातमोजा डाव्याच हातात होता. खटका दाबला. पातं ढिम्म.

"पुढचा दाब की!"

माळ्यानं मशीन खाली ठेवलं आणि दातांनी मोजा ओढला. बोटं ताठ होती, वाळलेल्या शेंगांसारखी.

"शिडीवरनं पडलो. खांदा बरा झाला, बोटं काही मिटेनात. मालकिणीला कळलं तर दुसऱ्या दिवशी दारात दुसरा माळी. म्हणून पोरीकडनं वायरी पिळून घेतल्या, ठिपकेही तिच्याच बाटलीतले."

"झेल!" मिस्त्रीनं एकदम हातातला पाना त्याच्या डाव्या अंगाला फेकला. माळ्याचा हात वर आला, पण बोटं मिटली नाहीत. पाना तळव्यावर आपटून मागं उडाला आणि थेट मिस्त्रीच्याच पायाच्या अंगठ्यावर पडला.

एका पायावर नाचत मिस्त्री ओरडला, "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला? तुम्ही विचारलं असतं, कुणाची शिडी?"

हाच प्रश्न मिस्त्रीच्या जिभेवर होता. तो त्यानं गिळला.

"वायरी जोडून मी देणार नाही," तो म्हणाला. "तुझं बोट गेलं तर माझा धंदा बसतो."

"मग मी काय करू?"

मिस्त्री लंगडत आत गेला. पत्र्याची एक रुंद पट्टी कापली, कडा घासल्या, माळ्याच्या हाताच्या गोलाईप्रमाणं वाकवली आणि पुढच्या खटक्यावर बसवली. आता बोटांची गरज नव्हती. कोपराखालचा हात टेकला की खटका दाबला जायचा, आणि हात उचलला की पातं जागच्या जागी थांबायचं. माळ्यानं कुंपणाचा शेंडा छाटला. मिस्त्रीनं त्याला पुन्हा पुन्हा हात उचलायला लावलं, पार माळी कंटाळेपर्यंत.

"मालकिणीनं विचारलं, ही पट्टी कशाला?"

"सांग, मिस्त्रीला संशयाची उबळ आली. लगेच पटेल तिला."

लाल रंगावर आता भरवसा नव्हता. बायकोकडनं तिच्या लग्नातल्या ठेवणीतली जांभळी बाटली मागून त्यानं नवे ठिपके दिले.

पुढं बऱ्याच दिवसांनी माळी धार लावायला आला. कुंपण सरळ, दहाही बोटं जागेवर, आणि या खेपेला बसून चहाही प्याला. मिस्त्रीनं भिंग काढलं. सगळे ठिपके जिथल्या तिथं, एकालाही साधा चरा नाही.

मिस्त्रीनं भिंग खाली ठेवलं आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "का रे, तुझ्या पोरीकडं जांभळा रंग आहे का?"