किंग मोमोला घातलेलं गाऱ्हाणं

मस्कतमधल्या वादी अदाईला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांइतका नम्र प्रवासी पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. त्यांच्याविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. मस्कतच्या आमच्या मराठी मंडळात त्यांचा विषय निघाला की लोक अजून हसतात, आणि सगळ्यांत आधी हसलेला माणूस मी आहे. सत्तरी उलटली, आता खरं काय ते सांगून टाकतो.

गृहस्थ मूळचे कुडाळकडचे, इथे एसीच्या कामावर फोरमन. ओमानमध्ये अर्धं आयुष्य काढूनही ते स्वतःला पाहुणेच समजत. रमजानात दिवसा घरात पाणी प्यायचं तर आधी खिडकीचा पडदा ओढत. मत्रहच्या बंदराचा फोटो काढण्यापूर्वी त्यांनी वॉचमनची परवानगी मागितली. तो म्हणाला, "निकालो ना, यल्ला!" तेव्हा त्याला वाईट वाटू नये म्हणून यांनी पहिला फोटो त्याचा काढला. निझवाच्या बाजारात बकऱ्या गिऱ्हाइकांपुढून गोल फिरवतात. तिथे एका म्हाताऱ्याने जरा चहा पिऊन येतो म्हणत यांच्या हातात दोरी दिली. यजमानाला नाही कसं म्हणायचं? हे बकरीसकट रिंगणात फिरत राहिले. एक गिऱ्हाईक दात बघायला लागलं, तेव्हा यांनी अदबीने बकरीचं तोंड धरलं आणि भाव विचारल्यावर नुसतं "इन्शाल्ला" म्हणाले.

रजा मिळाली की ते दुसऱ्यांचे सण बघायला जात. त्या फेब्रुवारीत माझ्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. मी घरात कुणाला बोललो नव्हतो. फक्त यांना सांगितलं, तेही लिफ्टमध्ये. "घरात बसून रिपोर्ट लवकर येत नाय, दादा," ते म्हणाले. "चला, गोव्याचा कार्निव्हल बघून येऊ."

तयारी जय्यत होती. रंगीबेरंगी कपडे घालावेत असं कळल्यामुळे त्यांनी पांढऱ्याऐवजी फिकट निळा शर्ट इस्त्री करून घेतला. हा सण संपला की ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवसांचे उपास लागतात हे कळल्यावर म्हणाले, "मग त्यांच्या उपासात आपण समोर मासे खायला नकोत," आणि आधीच खाऊन घ्यावी म्हणून पणजीला उतरल्यापासून सुरमई सुरू केली. मिरवणुकीत ते प्रत्येक नाचणारीला विचारूनच फोटो काढणार होते. ती हो म्हणेपर्यंत तिचा रथ पुढे गेलेला असायचा. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे भरपूर परवानग्या जमल्या, फोटो एकही नाही.

मग कार्निव्हलपुरता राजा झालेल्या किंग मोमोचा रथ आमच्यासमोर अडकला. जाडजूड राजा, डोक्यावर चमचमता मुकुट. यांनी पिशवीतून नारळ आणि ओमानी हलव्याचा डबा काढला. मी दबक्या आवाजात म्हणालो, "अहो, हा देव नाही!"

"देव नसलो तरी गावचो राजा मा?" ते म्हणाले. "दारात शिमग्याची पालखी इली तर आपण रिकाम्या हातान उभे रवतंव?"

चपला काढून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा म्हाराजा! मस्कतसून तुझ्या रथाकडे इलंव. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे." असं मागणं मागितलं की सोबतच्याने 'होय महाराजा' म्हणायचं असतं. ते माझ्याकडे वळून थांबले. मी मोबाइलवर शूटिंगच करत राहिलो. ते पुढे म्हणाले, "ह्या माझ्या शेजाऱ्याच्या मानेतली गाठ पाण्यासारखी इरघळान जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आजूबाजूचे गोंयकार एका आवाजात ओरडले. ढोलवाले थांबले. राजाने मुकुट काढला आणि नारळ कपाळाला लावला.

मस्कतला परतल्यावर रिपोर्ट चांगला आला. त्या आनंदात मी ती क्लिप मंडळाच्या ग्रुपवर टाकली. माझी गाठ लोकांना कळू नये म्हणून 'पदरात घे'पाशी कापली. त्यामुळे ओरडणारी माणसंही गेली, राजाचा उतरलेला मुकुटही गेला. उरला तो फक्त खोट्या राजापुढे अनवाणी उभा असलेला एक फोरमन. लोकांनी पोटं धरली. बिल्डिंगमधली मुलं लिफ्टमध्ये "हाय, मोमो अंकल!" म्हणू लागली. हे त्यांनाही वाकून नमस्कार करत.

क्लिप कुणी टाकली, त्यांनी विचारलं नाही. मंडळात येणं तेवढं बंद केलं आणि भाडं स्वस्त म्हणून शहराच्या पार टोकाला, माबेलाला राहायला गेले. मी लाजेने तोंड चुकवत राहिलो, रिपोर्टचंही सांगितलं नाही. स्वतःहून विचारणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

शेवटी एका शुक्रवारी नारळ घेऊन मी माबेलाला गेलो. नारळ गाडीत ठेवला; आधी क्लिपचं बोलावं, मग द्यावा. त्यांनी स्वतः चहा केला. बराच वेळ कप फिरवत बसले. मग म्हणाले, "दादा, विचारू का? राग नाय ना येणार? त्या रिपोर्टचं काय झालं?"

"चांगला आला," मी म्हणालो. "तेव्हाच आला."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "राजान ऐकल्यान म्हणायचा."

हीच वेळ होती. वाक्य जिभेवर होतं. मी म्हणालो, "माबेला फार लांब पडतं हो."

"पडतं खरं," ते म्हणाले आणि मला गाडीपर्यंत सोडायला आले. पुढच्या रजेला ते कायमचे गावी गेले.

त्या दिवशी परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागच्या सीटवरचा नारळ गडगडला. मी मोठ्याने म्हणालो, "काय चुकलं-माकलं असेल ते पदरात घ्या." होय म्हणायला बाजूला कुणी नव्हतं.