क्षेपणास्त्रांच्या जाहिराती वाचणारी चिनीताई

चिनीताई पोहे परतता परतता क्षेपणास्त्रांच्या जाहिराती वाचायची. गॅसशेजारी, मिसळणाच्या डब्याला टेकवून तिचा टॅब्लेट उभा असे. एका हातात उलथनं, दुसऱ्या हाताच्या करंगळीने पान सरकवणं चालू.

"ऐक हं," ती म्हणायची. "वापरायला सोपं, देखभाल कमी, वाळवंटी हवेत उत्तम. काय असेल?"

"एअर कूलर," मी म्हणायचे.

"ड्रोन. पंखांखाली बॉम्ब लावायची सोय असलेला." मग ती पोह्यांवर कोथिंबीर पेरायची आणि पुढची जाहिरात काढायची.

मेलबर्नला शिकायला आले तेव्हा क्लेटनमध्ये तिच्या घरातली मागची खोली मी भाड्याने घेतली होती. युनिव्हर्सिटी चालत जाण्याच्या अंतरावर, आणि घरमालकीण पुण्याची, एवढंच मला माहीत होतं. पहिल्या दिवशी मी "अहो ताई" म्हणाले तर ती म्हणाली, "अहो-जाहो केलंस तर मला उगीच म्हातारं झाल्यासारखं वाटेल. नुसतं ताई म्हण." इथल्या मराठी मंडळींत मात्र ती चिनीताईच. कॉलेजात असताना ती जर्मन शिकायला गेली होती; त्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून शेजारच्या चिनीच्या वर्गात जाऊन बसली, आणि मग उठलीच नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑस्ट्रेलियात आली. नवरा अचानक गेला, मुलगी लग्न होऊन सिडनीला टूनगॅबीत राहायला गेली, आणि ताईकडे क्लेटनचं घर आणि चिनी भाषा उरली.

शहरातल्या एका ऑफिससाठी ती घरूनच काम करायची. कोणता देश कोणाला कसली शस्त्रं विकतो याचा अभ्यास करणारं ते ऑफिस. चिनी कंपन्यांची माहितीपत्रकं, शस्त्रप्रदर्शनांत वाटलेली पानं, तिथल्या विक्रेत्यांच्या मुलाखती, असं सगळं इंग्रजीत आणायचं हे तिचं काम. मला वाटायचं असलं काही गुपचूप चालत असेल. "गुपचूप कसलं? विकायचंय ना त्यांना," ती म्हणायची. "गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय कोण घेईल?"

नावांची तिला फार गंमत वाटे. एका ड्रोनचं नाव इंद्रधनुष्य. एका क्षेपणास्त्राचं निळा बाण. "बारसं करायला कोणाला बोलावत असतील गं?" ती विचारायची, आणि हे ती थट्टेने विचारत नसे. तिला खरंच जाणून घ्यायचं असे. नाव कोणी सुचवलं, साहेबाला ते आवडलं की नाही, आधी दुसरं काही ठरलं होतं का.

पण तिचा खरा प्रश्न घेणाऱ्यांबद्दल असायचा. "विकणारा कोण ते सगळे सांगतात," ती म्हणायची. "घेणाऱ्याला नेमकं काय हवं होतं ते बघ." मग भाजी निवडता निवडता समजावून सांगायची. काही देशांना अमेरिका हवं ते देत नाही, दिलं तरी कुठे वापराल, कोणावर वापराल अशा अटी घालते. चिनी माल स्वस्त पडतो, लवकर येतो आणि त्याच्याबरोबर प्रश्न फार येत नाहीत. "प्रश्न न विचारणं हेसुद्धा त्यांच्या मालातलं एक फीचर आहे. छापत नाहीत, पण ओळीओळीतून तेच विकतात." आखातातले देश, आफ्रिकेतले देश, आपला शेजारी पाकिस्तान, युरोपातला सर्बियासुद्धा. प्रत्येकाची गरज वेगळी, आणि ताईला प्रत्येकाची उत्सुकता.

भारत-पाकिस्तानची चकमक झाली त्या सुमाराला इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात शिरीषदादाने फोनवरचा फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. शिरीषदादा म्हणजे मंडळाचा उत्साही कार्यकर्ता. आपल्या पंजाबातल्या एका शेतात पडलेला, पाकिस्तानने सोडलेल्या चिनी क्षेपणास्त्राचा तुकडा होता तो. "बघा चिनी माल," तो म्हणाला. "फुटलासुद्धा नाही."

ताईने फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून पाहिलं. "नावाच्या शेवटी इंग्रजी ई लिहिलंय का बघते. ई असेल तर ते बाहेर विकायचं मॉडेल. आपण चांगला हापूस बाहेर पाठवतो ना, हे लोक उलटं करतात. चांगलं घरात ठेवतात."

"म्हणजे ताई, तू त्यांच्या बाजूने बोलतेयस?"

"मी कोणाच्याच बाजूने बोलत नाहीये. शेतात पडलं ते आपल्याला दिसलं. जे पडलं नाही त्याचं काय झालं ते कुठे दिसतंय? मला ते माहीत करून घ्यायचंय."

त्यानंतर बरेच दिवस काही लोक तिच्याशी जरा बेतानेच बोलत होते. तिला ते कळलं होतं. "विचारलेलं चालत नाही लोकांना," एवढंच ती म्हणाली, आणि लगेच कुंपणापाशी जाऊन शेजारच्या लिआंगबाईंना हाक मारली. लिआंगबाई तरुणपणी चीनमध्ये पंख्यांच्या कारखान्यात तपासलेल्या मालावर शिक्के मारायच्या. ताई त्यांना कोथिंबीर द्यायची, त्या ताईला पातीचा लसूण द्यायच्या, आणि अडलेल्या शब्दांवर दोघींची तासन्तास चर्चा चाले.

शनिवारी सकाळी ताई डँडेनॉन्ग या जवळच्या उपनगरातल्या लायब्ररीत नव्याने आलेल्या बायकांशी इंग्रजीत गप्पा मारायला जायची. बायकांचं बोलणं सुधारावं म्हणून चालवलेला तो गट होता. गाडी चालवणं तिने सोडलं होतं, त्यामुळे मी तिला घेऊन जायचे. तिथे मरियम भेटली. जवळच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात ती काम करायची. तिच्या देशाचं नाव मी लिहीत नाही, तिचे लोक अजून तिथे आहेत. तिथे युद्ध चालू होतं.

एका शनिवारी सगळ्या गेल्यावर मरियम मागे थांबली आणि तिने फोन पुढे केला. तिच्या बहिणीच्या घरावर ड्रोनमधून बॉम्ब पडला होता. बहीण आणि मेहुणे गेले. भाच्याने मातीतून उचललेल्या पत्र्याच्या एका तुकड्याचा फोटो पाठवला होता. तुकड्यावर लाल शिक्का आणि चार चिनी अक्षरं होती.

"आमच्याकडे कोणी म्हणतं ही शिवी आहे," मरियम म्हणाली. "कोणी म्हणतं गावाचं नाव आहे. तुम्हाला वाचता येतं ना? काय लिहिलंय?"

ताईने एका नजरेत वाचलं हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.  मला वाटलं, ही आता वाचता येत नाही म्हणेल. शाई पुसली आहे असं म्हणेल.

"लिहिलंय, तपासले, योग्य आहे," ताई म्हणाली.

मरियम फोनकडे बघत राहिली. "कोणी तपासलं?"

"कारखान्यातल्या कोणीतरी. शेजारी आकडा दिसतोय, तो त्या माणसाचा."

"तिला माहीत आहे का?" मरियमने विचारलं. शिक्का मारणारी बाईच असणार हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. तीही दिवसभर खोक्यांवर लेबलं लावायची.

  घरी पोचल्यावर ताई आत न जाता सरळ कुंपणापाशी गेली आणि लिआंगबाईंना विचारलं, शिक्का मारताना काय मनात यायचं? पंखा पुढे कुठे जाईल, कोणाच्या घरी लागेल, असं काही? त्यांनी उत्तर दिलं ते ताईने मला मराठीत सांगितलं. "म्हणाल्या, जेवणाची सुट्टी कधी होते याचा विचार करायचो." मग ताई पायरीवर बसली. "खरं सांगितलं त्यांनी. मी उगीच काहीतरी मोठं ऐकायला गेले होते."

त्या रात्रीपासून पोहे असोत की पोळ्या, जाहिराती मोठ्याने वाचणं बंद झालं. वाचायची, पण मनातल्या मनात. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "वेग आहे, उंची आहे, पल्ला आहे, सुटे भाग कुठे मिळतील तेसुद्धा आहे. ज्याच्यावर पडणार तो माणूस एकाही पानावर नाही. मरियम भेटेपर्यंत मी तो शोधलाच नव्हता."

पण तिचं कुतूहल काही संपलं नाही, उलट आणखी टोकदार झालं. तुकड्याच्या आकारावरून आणि अक्षरांच्या ठेवणीवरून तो कोणत्या जातीच्या बॉम्बचा असावा हे तिने शोधून काढलं. तो बॉम्ब चीनने उघडपणे विकला होता, पण मरियमच्या देशाला नव्हे, दुसऱ्याच एका श्रीमंत देशाला. "घेतला एकाने," ती म्हणायची, "पडला तिसऱ्याच्या घरावर. मधला कोण?" हा 'मधला कोण' तिच्या डोक्यात घर करून बसला.

त्या हल्ल्याची चौकशी व्हावी म्हणून काही वकील पुरावे गोळा करत होते. त्यांना त्या अक्षरांचा सही केलेला अनुवाद हवा होता आणि गरज पडली तर अनुवादकाची साक्षही. ताईच्या कंत्राटात मात्र या विषयावर बाहेर काही करायचं नाही असं कलम होतं. ऑफिसचे काही ग्राहक त्याच श्रीमंत देशाशी व्यवहार करणारे होते. तिच्या बॉसने व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. माणूस वाईट नव्हता. अवघडून बोलत होता.

"तुझं नाव तिथे आलं तर मला काही करता येणार नाही," तो म्हणाला. "वीकेंडभर विचार कर. घाई नाही."

"माझा झालाय विचार," ताई म्हणाली. "ती अक्षरं एवढीशी आहेत. मी वाचली नाहीत असं आता मला म्हणता यायचं नाही."

"नो वरीज," तो इथल्या सवयीने म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्यालाच ते चुकीचं वाटलं असावं, कारण पाठोपाठ तो "सॉरी" म्हणाला.

साक्ष झाली. समोरच्या वकिलाने विचारलं, बॉम्ब कोणी टाकला हे तुम्हाला या शिक्क्यावरून सांगता येईल का? ताई म्हणाली, "नाही. तो बनवला कुठे आणि तपासणीत पास झाला, एवढंच सांगता येईल. पुढचं मलाही जाणून घ्यायचंय." कंत्राट संपल्यावर ऑफिसने ते पुन्हा केलं नाही. चौकशीत माल कुठला, पहिल्यांदा कोणाला विकला, हे नोंदलं गेलं. मधल्या माणसाचं नाव अजून कोणी घेतलेलं नाही.

मरियममुळे ताईचा नंबर मात्र कुठे कुठे पोचला. वेगवेगळ्या देशांतून फोटो यायला लागले. जळलेले पत्रे, वायरींचे गुंते, अर्धवट पुसलेली अक्षरं. बहुतेक वेळा तिथे काहीच विशेष नसे. "ही बाजू वर." "ओढू नये." "ओलसर जागी ठेवू नये." ताई प्रत्येकाला उत्तर द्यायची. मी तिला विचारलं, हे कळून त्यांना काय मिळतं? ती म्हणाली, "नाही माहीत मला. पण माझ्या घरावर पडलं असतं तर मलाही वाचून घ्यावंसं वाटलं असतं."

नंतर तिची नजर गेली. डोळ्यांसमोर मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसायचं. मुलगी तिला टूनगॅबीला घेऊन गेली. क्लेटनचं घर रिकामं करताना ताईने माझ्या हातात तिचं उलथनं दिलं आणि म्हणाली, "बाकी सगळं चिनीत आहे, तुझ्या काय कामाचं?" तोवर मला नोकरी लागली होती, तरी सुट्टी मिळाली की मी सिडनीला जायचे. नात तिच्याशी इंग्रजीत बोलायची, ताई मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं व्यवस्थित चालायचं.

गेल्या हिवाळ्यात ताई गेली. दुपारी जेवून खुर्चीत बसली होती, तशीच. मुलीने फोन केला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते आणि ती मीटिंग कशाबद्दल होती ते मला आता आठवत नाही.

आमची शेवटची भेट त्याआधी थोडेच दिवस झाली. मरियमही मेलबर्नहून आली होती; अधूनमधून ती येत असे. ताईला दिसेनासं झाल्यापासून त्या दोघींनी एक रीत बसवली होती, हे मला तेव्हा कळलं. फोनवर आलेल्या फोटोतलं अक्षर मरियम मोठं करून बघायची आणि ताईच्या तळहातावर बोटाने तसंच्या तसं काढायची, आधी आडवी रेघ, मग उभी, मग तिरकी. चुकली की ताई हात झटकायची, "रेघांचा क्रम चुकला, परत." मरियमला असं करता करता बरीच अक्षरं यायला लागली होती. खिडकीतून ऊन येत होतं, ताईचा हात उताणा मांडीवर पडला होता. तिने एकेक शब्द ओळखला, मरियमने तो फोटो पाठवणाऱ्याला लिहून पाठवला. मग एका अक्षरापाशी ताई थबकली. मरियमने पुन्हा काढलं, ताईने मान हलवली.

"हे मी कधी पाहिलेलंच नाही," ती म्हणाली, आणि खुर्चीत पुढे सरकून ताठ बसली. "पुन्हा काढ. सावकाश."